तारीख बदलायला नकार देणारी मुलगी

प्रश्न : मुलगी बी. फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एका रुग्णालयात औषधचाचणीच्या कामावर इंटर्नशिप करताना केसपेपरवरची तारीख बदलायला तिने नकार दिला आणि वरिष्ठांशी वाद घातला. डेटा एंट्रीच्या कामात एवढा हट्ट कशाला? तिला समजवा आणि औषध निरीक्षकाच्या परीक्षेकडे वळवा. – एक पालक, सांगली

उत्तर : तिला मी समजावणार नाही. चुकलंय ते तिचं नाही. घरात तिला 'हट्टी' म्हणतात, मला काळजी त्याची वाटते.

काय घडलं ते तुम्हीच लिहिलंय. पहिल्या डोसनंतर दोन दिवसांनी पेशंटच्या अंगावर पुरळ उठल्याचं केसपेपर सांगतो. चाचणीची माहिती भरायच्या फॉर्मवर मात्र तारीख डोसच्या आदल्या दिवसाची. पुरळ आधीचं ठरलं की औषधावरचा संशय जातो, नंतरचं असेल तर तो दुष्परिणाम असू शकतो. आणि वरिष्ठ म्हणाले, 'केसपेपरवरच तारीख जुळवून घे.' तुम्ही तिच्या जागी असता तर काय केलं असतं?

हे काम म्हणजे टायपिंग, हा गैरसमज आधी काढून टाका. विसंगती दिसली की डेटा मॅनेजर रुग्णालयाला 'क्वेरी', म्हणजे खुलासा विचारणारा प्रश्न, पाठवतो. मग मूळ नोंद पाहून फॉर्म दुरुस्त होतो. कागदावर जुनी तारीख वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी सही, तारीख आणि कारण लिहायचं. सगळ्या क्वेरी मिटल्या की डेटाबेस 'लॉक' होतो, म्हणजे नोंदी बदलणं बंद होतं. कोणाला कोणतं औषध मिळालं हे लपवून ठेवलेल्या, म्हणजे ब्लाइंड, चाचणीत ते गुपित एरवी त्यानंतरच उघडतात. कोणत्या तारखेपर्यंतच्या घटना मोजायच्या, हेही आधीच ठरलेलं असावं लागतं. व्हायॉक्स या वेदनाशामकाच्या 'व्हिगर' चाचणीचा लेख 2000 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. औषध घेणाऱ्यांमधले तीन हृदयविकाराचे झटके त्यात नव्हते. ते ठरलेल्या मुदतीनंतरचे होते, असं लेखकांचं म्हणणं. पण हृदयाच्या घटना मोजायची मुदत पोटाच्या त्रासाच्या घटना मोजायच्या मुदतीआधीच संपवली होती. औषध 2004 मध्ये बाजारातून गेलं, आणि जर्नलच्या संपादकांनी 2005 मध्ये त्या लेखाबद्दल जाहीर चिंता नोंदवली. तीन झटके म्हणजे तीन माणसं, आणि तुमच्या मुलीच्या हातात होती तीही एका माणसाचीच तारीख.

औषध निरीक्षकाची परीक्षा किंवा एम. फार्म. प्रवेशाची जीपॅट तिला हवी असेल तर जरूर द्यावी, पण तुमच्या रागापोटी नको. डेटा मॅनेजमेंटकडे वळली तर बी. फार्म.वर सुरुवात होते. लाखभर रुपयांच्या डिप्लोमाची घाई करू नका. संख्याशास्त्र पक्कं करून तिला सॅस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर शिकू द्या.

आणि प्रमाणपत्र अडेल या भीतीने तिला माफी मागायला लावू नका. काय दिसलं, कधी दिसलं, कोण काय म्हणालं, हे तिला आजच लिहून ठेवू द्या. मग तिने चाचणीच्या प्रमुख डॉक्टरांना भेटावं. त्यांनी टाळलं तर चाचणीतल्या रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीकडे लेखी द्यावं. त्या दिवशी बाबा म्हणून तुम्ही सोबत जा.