डीएनए तपासणीमुळे झाडांची कुळं आणि शास्त्रीय नावं सारखी का बदलतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या पुस्तकात साग व्हर्बिनेसी कुळात आहे आणि बाभूळ अकेशिया या नावाने. नव्या पुस्तकात साग तुळशीच्या कुळात गेलाय, बाभूळ व्हॅचेलिया झालीय. मग आधीचे लोक चुकत होते का, आणि हे बदल थांबणार कधी? वनस्पतींच्या डीएनएवरून त्यांचे वंशवृक्ष बांधणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमची दोन्ही उदाहरणं एकाच प्रकारची वाटतात, पण नाहीत. सागाचं कुळ बदललं ते त्याचं नातं वेगळं निघालं म्हणून. बाभळीचं नाव बदललं ते शेवटी मतदानाने.

आधी साग. गंमत म्हणजे या प्रकरणात डीएनए उशिरा आला. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ युनेल यांनी 1934 मध्येच अंडाशयाच्या आतली रचना तपासून म्हटलं होतं की व्हर्बिनेसीतल्या बऱ्याच प्रजाती (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत जीनस) खरं तर तुळशीच्या लॅमिएसी कुळात जायला हव्यात. 1992 मध्ये कँटिनो यांनी बाह्य लक्षणांच्या आधारेच तो मुद्दा पुन्हा पक्का केला. तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर घाणेरीचा गुच्छ घ्या. कडेची फुलं आधी उमलतात, मधल्या कळ्या मागून, कारण दांड्याचं टोक वाढतच असतं. हा अकुंठित फुलोरा, आणि घाणेरी व्हर्बिनेसीतच राहिली. साग किंवा निर्गुडी बघा: प्रत्येक दुबेळक्यात मधलं फूल आधी उमलतं आणि वाढ बाजूच्या फांद्यांकडे जाते. हा कुंठित फुलोरा. फरक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. कुठल्या लक्षणाला किती वजन द्यायचं, एवढाच वाद होता. डीएनएने तो मिटवला.

हा वजनाचा प्रश्न जुन्या वर्गीकरणाचं खरं दुखणं होतं. लिनियसने 1735 मध्ये पुंकेसर मोजून वनस्पतींचे 24 वर्ग केले. सोयीचं होतं, पण नात्याशी त्याचा संबंध जेमतेम. पुढे बेंथम आणि हूकर, विसाव्या शतकात क्रॉन्किस्ट, तख्ताजान, डालग्रेन यांनी आपापली वर्गीकरणं मांडली. प्रत्येकाची पद्धत वेगळी, प्रत्येकाचा अनुभव दांडगा, आणि दोघांचं पटलं नाही तर निकाल कसा लावायचा याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

ते उत्तर मिळालं हरितलवकातल्या आरबीसीएल नावाच्या जनुकातून. हवेतला कार्बन पकडणाऱ्या रुबिस्को प्रथिनाचा मोठा तुकडा या जनुकावरून बनतो. जवळपास प्रत्येक हिरव्या वनस्पतीत ते असतं, एका पेशीत त्याच्या भरपूर प्रती असतात आणि ते सावकाश बदलतं, त्यामुळे फार दूरच्या नातेवाइकांचीही तुलना जमते. 1993 मध्ये मार्क चेस आणि सहकाऱ्यांनी 499 बीजी वनस्पतींच्या आरबीसीएलवरून एक भलामोठा वंशवृक्ष छापला. लेखक तब्बल 42. त्यातूनच 1998 मध्ये एपीजी, म्हणजे अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप या शास्त्रज्ञांच्या गटाचं वर्गीकरण आलं. त्याची चौथी आवृत्ती 2016 ची: सपुष्प वनस्पतींचे 64 गण (गण म्हणजे कुळांचा गट), 416 कुळं. त्याला कुणा एका पंडिताचं नाव नाही, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं पाऊल वाटतं.

काम कसं चालतं तेही सांगते, कारण बाहेरून ते बटण दाबण्याइतकं सोपं वाटतं. कोवळं पान तोडून लगेच सिलिका जेलमध्ये वाळवायचं. मग त्याची पूड करून सीटॅब नावाच्या रसायनात साधारण 65 अंशांवर गरम करायची, क्लोरोफॉर्मने प्रथिनं वेगळी काढायची, अल्कोहोलने डीएनए खाली बसवायचा. डॉयल दांपत्याने 1987 मध्ये छापलेली ही कृती आजही बहुतेक प्रयोगशाळांत थोड्याफार फरकाने चालते. पाठ्यपुस्तकात न लिहिलेला भाग म्हणजे झाडं सहकार्य करत नाहीत. जास्वंदीच्या कुळातल्या पानांतून इतका बुळबुळीत चिकटा निघतो की पिपेटने उचलताना तार सुटते. टॅनिनवाल्या पानांचा डीएनए तपकिरी होऊन पुढच्या पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती काढण्याच्या प्रक्रियेला, नकार देतो. आणि जिथून नमुना घेतला त्या झाडाचा वाळवलेला, ओळख पटवलेला नमुना हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ठेवलाच पाहिजे. तो नसेल तर तुमचा डीएनएचा अनुक्रम कितीही सुंदर असो, तो नेमका कुणाचा हे पुढे कुणालाच तपासता येणार नाही.

या कामातून निघालेली काही नाती अजूनही चकित करतात. कमळ आणि कुमुद दोघंही पाण्यात, दोघांची पानं गोल, फुलं दिसायला सारखी; दोघांना जवळ ठेवणं अगदी स्वाभाविक होतं. पण कमळाचे नातेवाईक निघाले चिनार आणि मॅकाडेमिया. कुमुद मात्र सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षाच्या अगदी बुंध्याजवळून फुटलेल्या फांदीवर आहे. तिच्याही आधी वेगळी झाली ती अँबोरेला, न्यू कॅलेडोनिया बेटावरचं एक साधंसं झुडूप. हे 1999 मध्ये वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं. कमळ-कुमुदाचं साम्य पाण्यातल्या जगण्याने दोन वेळा घडवलंय.

उलटही घडलं. डालग्रेन यांनी 1975 मध्ये सुचवलं होतं की मोहरीसारखा झणझणीतपणा देणारी ग्लुकोसिनोलेट रसायनं ज्यांच्यात आहेत त्या वनस्पती एकत्र ठेवाव्यात. म्हणजे मोहरी, पपई आणि शेवगा एका गणात! फुलं बघून हे कुणाला पटावं? डीएनएने त्यांची बाजू घेतली. आज हे तिन्ही ब्रासिकेल्स गणात आहेत. फक्त पुत्रंजीवाचं कुळ बाहेर राहिलं. त्यात तीच रसायनं आहेत, पण ती तिथे स्वतंत्रपणे उपजली.

आता सावधगिरीचा भाग, जो विद्यार्थ्यांना मी पुन्हा पुन्हा सांगते. एका जनुकाचा वंशवृक्ष म्हणजे त्या जातीचा वंशवृक्ष नव्हे. हरितलवक बहुतेक सपुष्प वनस्पतींत फक्त आईकडून येतं, त्यामुळे संकरातून आलेल्या झाडाचा बाप त्यात दिसतच नाही. रॅफ्लेशिया हे याहून विलक्षण उदाहरण. जगातलं सगळ्यात मोठं फूल याचं. ना पान, ना खोड. हे द्राक्षकुळातल्या टेट्रास्टिग्मा वेलींच्या आत राहून त्यांच्यावरच जगतं. प्रकाशसंश्लेषणच सोडल्यामुळे आरबीसीएल वापरण्याची सोय नाही. म्हणून 2004 मध्ये तंतुकणिकेतली जनुकं तपासली, तर एक जनुक म्हणालं की हे द्राक्षकुळातलंच आहे! प्रत्यक्षात ते जनुक यजमान वेलीकडून रॅफ्लेशियात शिरलं होतं. बाकीची जनुकं वेगळं सांगत होती, आणि 2007 मध्ये उलगडा झाला: रॅफ्लेशियाचं मूळ एरंडाच्या युफोर्बिएसी कुळात आहे. त्या कुळातली बहुतेक फुलं काही मिलिमीटरची. त्यातून सुमारे 4.6 कोटी वर्षांत रॅफ्लेशियाच्या पूर्वजांचं फूल जवळजवळ 79 पट मोठं झालं असा त्या शोधनिबंधाचा हिशेब आहे. 2004 मध्ये आपण एकाच साक्षीदारावर विसंबलो असतो, तर रॅफ्लेशिया आज द्राक्षांत असतं.

म्हणून आता केंद्रकातली शेकडो जनुकं एकदम वाचतात. 2024 मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या पुढाकाराने आलेल्या वंशवृक्षात 353 जनुकं आणि 9,500 हून अधिक जाती आहेत. त्यातले बरेच नमुने हर्बेरियममधले, काही तर जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचे. तुकडे झालेला जुना डीएनए आता वाचता येतो, त्यामुळे नामशेष झालेल्या झाडालाही वंशवृक्षात जागा मिळते.

पण डीएनए सांगतो कोणती फांदी कुठून फुटली, इतकंच. कुळाची किंवा प्रजातीची सीमा कुठे आखायची हे माणसं ठरवतात. लाल सावर आणि गोरखचिंच पूर्वी बॉम्बॅकेसीत होत्या, आता जास्वंदीच्या माल्व्हेसीत. डीएनएने एवढंच दाखवलं की बॉम्बॅकेसी, स्टर्क्युलिएसी, टिलिएसी ही जुनी कुळं जशी आखली होती तशी टिकत नाहीत. मग दोन वाटा होत्या: सगळ्यांचं मिळून एक मोठं कुळ, किंवा नऊ-दहा छोटी. दोन्ही वंशवृक्षाला धरूनच होत्या. एपीजीने मोठं कुळ निवडलं. काही तज्ज्ञ अजूनही छोट्यांच्या बाजूने आहेत, आणि त्यांचं म्हणणं मला अगदीच टाकाऊ वाटत नाही.

बाभळीचं प्रकरण याच्याही पुढचं. जुन्या अकेशियात हजाराहून अधिक जाती होत्या, बहुतेक ऑस्ट्रेलियातल्या. या ऑस्ट्रेलियन जाती बाभळीपेक्षा शिरीषाच्या गोतावळ्याला जवळच्या निघाल्या, म्हणजे प्रजाती तोडणं भाग होतं. नियम असा की मूळ नाव ज्या नमुना-जातीला बांधलेलं असतं तिच्याकडेच राहतं, आणि ती जात बाभूळच होती. पण मग ऑस्ट्रेलियातल्या हजारभर झाडांची नावं बदलावी लागली असती. 2005 मध्ये व्हिएन्नाला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये नमुना-जातच बदलून ऑस्ट्रेलियातली एक जात नेमली गेली. प्रचंड भांडणं झाली, आणि 2011 मध्ये मेलबर्नला तोच निर्णय कायम राहिला. बाभूळ व्हॅचेलिया झाली, खैर सेनेगालिया. निवडीत विज्ञानापेक्षा सोय जास्त होती, आणि ज्यांना राग आला त्यांचा राग मला समजतो.

थांबणार कधी? कुळांच्या पातळीवर जवळपास थांबलंय. तिसऱ्या आणि चौथ्या एपीजीत कुळांच्या संख्येत फक्त एकाचा फरक आहे. मुळाशी काही गाठी अजून सुटलेल्या नाहीत. एकदलिकित, खरी द्विदलिकित आणि सोनचाफ्याकडच्या मॅग्नोलिड वनस्पती यांत कोण कुणाला जवळचं, यावर हरितलवक आणि केंद्रक अजून वेगवेगळी उत्तरं देतात. प्रजातींची नावं मात्र आणखी बरीच वर्षं हलत राहतील, कारण बहुसंख्य जातींचा डीएनए नीट तपासायचाच आहे.

तोवर जुनं पुस्तक टाकू नका. हातात भिंग घेऊन झाड ओळखायचं असेल तर त्यातलेच ओळखतक्ते उपयोगी पडतात, मीही तेच वापरते. मिळालेलं नाव ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ या संकेतस्थळावर टाका, सध्याचं मान्य नाव दिसेल. कुठे लिहायचं झालं तर नवं नाव आणि शेजारी कंसात जुनं, दोन्ही लिहा.