स्कोअर म्हणजे स्वरलिपी नव्हे

स्कोअर म्हणजे सगळ्या गायक-वादकांच्या ओळी एकाखाली एक मांडलेला संगीताचा कागद. त्याबद्दलचा प्रश्न असा आहे: ‘कॉयर आणि वाद्यवृंद एकत्र असलेल्या स्कोअरला मराठीत स्वरलिपी म्हणावं का, आणि त्यात गायकांच्या ओळी कुठे मांडायच्या?’

कॉयर म्हणजे काथ्या, त्याची पायपुसणी होतात. गातो तो क्वायर, म्हणजे गायकवृंद.

आणि स्वरलिपी अजिबात म्हणू नये. लिपी ही लिहिण्याची पद्धत. पलुस्करांची एक, भातखंड्यांची दुसरी, पाश्चात्त्यांची पाच रेघांची तिसरी. स्कोअर हा त्या लिपीत लिहिलेला कागद. आलेल्या पत्राला आपण ‘देवनागरी’ म्हणतो का? ‘स्वरलेखन’ सुचवणारे विद्वान तर आणखी पुढचे, त्यांनी क्रियेचंच नाव कागदाला चिकटवलं.

खरी गंमत ‘स्कोअर’च्या पोटात आहे. जुन्या नॉर्समधलं ‘स्कोर’ म्हणजे खाच. मोजदाद करताना दर विसाला काठीवर एक खाच पाडायची, म्हणून इंग्रजीत स्कोअर म्हणजे वीस, आपली कोडी. क्रिकेटमध्येही पूर्वी धावांच्या खाचाच पाडत. मूळ धातू ‘कापणे’ या अर्थाचा, आणि संस्कृत ‘कृत्’ त्याच घरातला. म्हणजे कर्तरी, म्हणजे आपली कात्री! स्कोअर आणि कात्री चुलत बहिणी निघाल्या. इटालियन ‘पार्तितुरा’ही विभागणे या अर्थाच्या क्रियापदावरूनच आलाय. संगीतात हे कापणं म्हणजे एकाखाली एक मांडलेल्या ओळींना छेदत जाणारी उभी रेघ, मात्रांचे खण पाडणारी. त्या रेघेवरून आख्ख्या कागदाला स्कोअर नाव पडलं. शब्द घडवायचाच असेल तर मी ‘छेदपट’ म्हणेन. हसणाऱ्यांनी हसावं, स्वरलिपीपेक्षा तो खरा आहे.

आणि क्वायरपाशी येऊन नेमकी हीच रेघ तुटते! व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांच्या गटातून ती सलग उतरते. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास या क्वायरच्या उंच ते खालच्या चार आवाजांत मात्र प्रत्येक ओळीपुरतीच राहते. कारण साधं आहे: दोन ओळींच्या मधे गाण्याचे शब्द बसतात, त्यांच्यावरून रेघ कोण ओढेल? तरी नवशिके संगणकावर ती खुशाल खालपर्यंत ओढतात आणि गायकांना ‘आलेलुया’ मधोमध चिरलेला मिळतो.

हां, जागेचं राहिलं. वरून खाली फुंकवाद्यं, आधी लाकडी मग पितळी, त्याखाली तालवाद्यं, मग एकल गायक, मग क्वायर, आणि तळाला तंतुवाद्यं. पूर्वी असं नव्हतं. मोत्सार्टच्या ‘रेक्विएम’च्या, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताच्या हस्तलिखितात (१७९१) व्हायोलिनं सगळ्यात वर आहेत आणि गायकांच्या चार ओळी थेट तळाच्या, खर्जातली वाद्यं आणि ऑर्गन यांच्या ओळीच्या डोक्यावर. आज तसं मांडलंत तर कंडक्टर व्हायोलिनं शोधत बसेल. नाद हळू-मोठा करण्याच्या खुणा वाद्यांना ओळीखाली द्या, गायकांना ओळीवर. खाली शब्द आहेत.