पिंग जातो पण रिपोर्ट लटकतो: भाड्याच्या लिंकवरचे ८ बाइट

तुम्ही लिहिलंय की पुणे–नाशिक एल३व्हीपीएनमध्ये (एमपीएलएस लेबलांवर चालणारं ग्राहकाचं खाजगी नेटवर्क) राउट दोन्हीकडे दिसतात, पिंग जातो, लॉगिनचं पानही उघडतं, पण मोठा रिपोर्ट मागितला की सगळं लटकतं. आणि मधली लिंक भाड्याची आहे. वाचताक्षणी ओळखलं, आमचाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. आरडी, आरटी (ग्राहकांचे राउट वेगळे ठेवणारी आणि वाटणारी सेटिंग) पुन्हा तपासत बसू नका. लहान पिंग जातोय, म्हणजे राउटिंगची बाजू ठीक आहे.

ग्राहकाच्या १५०० बाइटच्या पॅकेटवर पीई (ग्राहकाला जोडणारा आपला कडेचा राउटर) दोन लेबलं चढवतो, एक एलडीपीचं (बाहेरचं, पलीकडच्या पीईपर्यंत नेणारं), एक व्हीपीएनचं (आतलं, ग्राहक ओळखणारं). प्रत्येकी ४ बाइट, झाले १५०८. मधला स्विच १५०० च्या एमटीयूवर (सगळ्यात मोठं पॅकेट किती चालेल ती मर्यादा) अडकलेला असेल तर तो फ्रेम गुपचूप टाकून देतो. लेयर २ चा (नुसत्या फ्रेम पुढे ढकलणारा, आयपी न पाहणारा) असल्यामुळे 'पॅकेट मोठं आहे' असा आयसीएमपी निरोपही देत नाही, म्हणून सर्व्हर तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो.

सिस्को आयओएसवर व्हीआरएफमधून (ग्राहकाच्या स्वतंत्र राउटिंग टेबलातून) डीएफ बिट ('तुकडे करू नका' ही खूण) लावून पिंग करा. १४९२ गेला आणि १४९३ अडला की निदान झालं. (लिनक्स, विंडोज, जुनिपरच्या जुनॉसवर पिंगच्या आकड्यात हेडर धरत नाहीत, म्हणून २८ वजा करा, म्हणजे १४६४. काही स्विच चार-आठ बाइट जास्त सोडतात, तेव्हा आकडा थोडा सरकेल.) उत्तरात 'एम' दिसला तर वाटेतल्या तुमच्याच एखाद्या राउटरचा एमटीयू कमी आहे. नुसते ठिपके आले तर लिंक गिळतेय. लॅबमध्ये दोन पीई थेट जोडून तपासू नका. तिथे बाहेरचं लेबल लागतच नाही, चारच बाइट वाढतात.

आता लिंक देणारं कार्यालय. 'आमच्याकडून १५०० चा पिंग स्वच्छ आहे' एवढ्या एका ओळीवर आमची तक्रार बंद केली जायची. अहो, तो पिंग लेबलाशिवायचा, तो जाणारच! त्यांच्याशी फोनवर वाद घालू नका. दोन्ही टोकांना एमटीयू १६०० करून डीएफसह १६०० ची चाचणी, दोन्ही दिशांनी, लेखी मागा. नवीन लिंक घेताना तर ऑर्डरमध्येच ९००० लिहून घ्या. उद्या टीई फास्ट रीराउट (लिंक तुटली की लगेच पर्यायी वाटेने वळवणारी सोय) आलं की तिसरं लेबल चढणार आहे.

एमटीयू दोन्ही टोकांना एकाच वेळी बदला, नाहीतर ओएसपीएफ (राउटर एकमेकांना राउट सांगतात तो प्रोटोकॉल) एक्सस्टार्टमध्ये, म्हणजे शेजारी जुळण्याच्या अर्ध्या टप्प्यावर, अडकेल. तेव्हा कुणीतरी एमटीयू-इग्नोर (एमटीयूतल्या फरकाकडे दुर्लक्ष करायची सेटिंग) लावायला सांगेल. माझ्या मते ते लावूच नये. शेजारी वर येतो आणि खरा दोष झाकला जातो. सिस्कोच्या आयओएस एक्सआर आणि जुनॉसमध्ये इंटरफेसच्या एमटीयूत इथरनेटचा १४ बाइटचा हेडरही धरतात, म्हणून तिथे १६१४ द्या. व्हीलॅन टॅग असेल तर हिशोब वेगळा, आपल्या मॉडेलवर पडताळून घ्या.

लिंक दुरुस्त होईपर्यंत ग्राहकाकडच्या इंटरफेसवर टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) १४५२ लावा, रिपोर्ट उघडतील. यूडीपी आणि आयपीसेकला मात्र त्याचा उपयोग नाही, आणि लिंक सुधारली की ते आठवणीने काढा.