'वकिलातीची मदत' म्हणजे वकील मिळतो का?

नागपूरहून विचारणा आहे: परदेशी तुरुंगात नाहक अडकलेल्या भारतीयाच्या बातमीत कुठे 'वकिलातीची मदत' छापतात, कुठे 'वाणिज्य दूतावासाची', तर कुठे 'राजनैतिक मदत'. तिन्ही एकच का? आणि कैद्याचा वाणिज्याशी संबंध काय?

मदत एकच, तिची नावे तीन.

'वकील' अरबीतून आला. मूळ अर्थ, ज्याच्यावर काम सोपवले तो. मराठेशाहीत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी ठेवलेला आपला माणूस. नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित वॉरन हेस्टिंग्जकडे होते, ते कोर्टात उभे राहायला नव्हे. पुढे काळ्या कोटाने हा शब्द पळवला, जुना अर्थ 'वकिलाती'त, म्हणजे दूतावासात, तेवढा उरला. म्हणून घोळ होतो. वकिलात खटला लढवत नाही, निर्दोष कोण तेही ठरवत नाही. ती कैद्याला भेटते, पत्रव्यवहार करते, स्थानिक वकील गाठून देते. गरजू प्रकरणांत भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदतीचा खर्च होऊ शकतो, पण आपोआप नाही.

'वाणिज्य' चिकटले ते कॉन्सुल, म्हणजे वाणिज्य दूत, मुळात परमुलखातल्या आपल्या व्यापाऱ्यांची काळजी वाहणारा म्हणून. आज त्याच्याकडे पासपोर्ट, मृत्यूनोंदी, कैदी असे सगळेच येते. शब्द चूक नाही, शिळा आहे.

'राजनैतिक' मात्र टाळावा. राजनैतिक संबंधांचा व्हिएन्ना करार १९६१ चा, कॉन्सुलर संबंधांचा १९६३ चा. कैद्याची भेट दुसऱ्यातल्या कलम ३६ मध्ये येते. त्यातली मेख अशी: अटक झालेल्याने सांगितले, तर स्थानिक अधिकाऱ्यांनी त्याच्या वकिलातीला विनाविलंब कळवायचे. हा हक्क आहे हे त्याला सांगणेही त्यांच्यावर बंधनकारक. तो स्पष्ट नको म्हणाला, तर वकिलातीने त्याच्या वतीने काही करायचे नाही. पाकिस्तानात फाशीची शिक्षा झालेल्या कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी पाकिस्तानने हेच कलम मोडल्याचे ठरवले, पण सुटकेचा आदेश दिला नाही, शिक्षेचा फेरविचार करायला सांगितले. भेटीचा हक्क आणि सुटका यांत एवढे अंतर आहे.

बातमीत 'कैद्याला वकिलातीची भेट' लिहावे. 'भेट' आले की काळा कोट डोळ्यांसमोर येत नाही. घरच्यांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर अर्ज करताना 'न्याय मिळवून द्या' एवढ्यावर थांबू नये. 'दूतावासाच्या अधिकाऱ्याने कोठडीत भेट घ्यावी' असे नेमके मागावे. सोबत पासपोर्टवर आहे तसेच नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, अटकेची तारीख, तुरुंगाचे नाव, माहीत असल्यास आरोप. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकले, तरी तिकडच्या तुरुंगाच्या यादीत माणूस सापडणे अवघड होते.

'कैदी हस्तांतरण' हा निराळा शब्द. २००३ च्या कायद्याने माणूस भारतात येऊ शकतो, पण उरलेली शिक्षा इथे भोगायला.