मंगळवारी परत जा

चि. लेकीस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "सर, हो म्हणू की नाही म्हणू?" हे एकच वाक्य तू तीन ठिकाणी लिहिलंयस. शेतातल्या मोटरच्या स्टार्टर पेटीतून त्या पोराला आवाज येतो, त्याला 'हो, आहे' म्हणायचं की 'नाही', हा तुझा प्रश्न. बापानं तुझ्यापायी फास घेतला, असं तो आवाज सांगतो. तू चार वेळा गेलीस आणि चारही वेळा तो पेटीकडे तोंड करून बसला. माय विचारते इंजेक्शन कधी देता, साहेब विचारतात या महिन्यात पेशंट किती झाले. आणि तू पुण्याच्या क्लिनिकचा अर्ज भरून ठेवलायस.

शाबासकी हवी असती तर तू मला लिहिलं नसतंस. मंगळवारी परत जा.

आधी हो-नाहीचं बोलू. "हो, आवाज आहे" म्हणालीस तर ते खोटं, आणि ते त्याला लगेच कळेल. "नाही, असं काही नसतं" हे तर माय, मामा, पोलीस पाटील सगळ्यांनी सांगून झालंय. तू इतकंच म्हण, "मले नाही आला आवाज, तुले आला. काय म्हणे?" आणि गप्प बस. बापाच्या मरणाचा पंचनामा झाला, पात्र-अपात्रची फाईल तहसिलात जाऊन आली, पण त्या घरात त्याच्या मरणाची गोठ कोणी काढली का? एकट्या त्या पेटीनं काढली. चार खेपांत हे तुझ्या कानावर कसं पडलं नाही?

रागावतो आहे. पण मलाही ते कळायला वर्षं लागली.

गोळ्यांबद्दल गैरसमज नको. बंद करायला मी कधी कोणाला सांगितलं नाही. गोळीनं कल्लोळ खाली येतो, माणूस झोपतो, दोन घास खातो. पण गावानं ज्याला वेडा ठरवलं, त्याला पुन्हा कोणावर भरवसा टाकायचा असतो, आणि तो गोळीच्या पाकिटात मिळत नाही. मनोविश्लेषण सुरू करणाऱ्या फ्रॉइडला वाटायचं, अशा माणसाचं उपचार करणाऱ्याशी नातंच जुळत नाही. जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या मानसोपचारतज्ज्ञ फ्रीडा फ्रॉम-राइशमन मेरीलँडच्या चेस्टनट लॉज या मनोरुग्णालयात अशाच माणसांजवळ वर्षानुवर्षं बसल्या. नातं जुळतं, फक्त आपल्या घाईनं जुळत नाही.

फिनलंडच्या टोर्निओत १९८०च्या दशकात 'ओपन डायलॉग' ही जी उपचाराची पद्धत उभी राहिली, ती मी तुम्हाला वर्गात शिकवली होती. खबर मिळाल्यावर २४ तासांच्या आत पहिली बैठक. घरचे, जवळचे सगळे एकाच खोलीत. त्याच्या माघारी त्याच्याबद्दल काही ठरवायचं नाही. आणि उपचार करणारी जी माणसं पहिल्या दिवशी आली, तीच शेवटपर्यंत. तिथले निकाल चांगले आहेत, अभ्यासातले गट लहान होते हेही खरं. पण तुझ्यापुढे त्या ओसरीवर मामा, काकू, शेजारी न बोलावता येऊन बसतात, आणि तू 'प्रायव्हसी' म्हणून त्यांना उठवतेस! बसू दे. फक्त मामाचे टोमणे आवर. टोमणे आणि उणीदुणी जिथं चालतात, त्या घरी परतलेला माणूस जास्त वेळा पुन्हा आजारी पडतो, हे संशोधक जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सोबत्यांनी लंडनमध्ये १९७२ साली मांडलं. मामाला वेगळं गाठून सांग. तो वाईट नाही. बहिणीचं कर्जही त्याच्याच डोक्यावर आहे.

आणि मंगळवारी परत जा.

एकाच माणसाजवळ दोन तास बसतो, तेवढ्यात ओपीडीत तीस कागद झाले असते, असा शेरा माझ्या फायलीत आहे. जिल्ह्याची बढती मी दोनदा नाकारली, कारण गुरुवार सुटला असता. घरच्यांनी त्याची किंमत मोजली, तेही जाणतो. तरी मी बरोबर होतो, आजही तसंच म्हणेन.

एवढा हट्ट कुठून आला, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. नोकरीच्या सुरुवातीला मी एका गावात दर गुरुवारी जायचो. तो माणूस गोठ्यात बसलेला असायचा, पाठ माझ्याकडे. सातव्या गुरुवारी त्यानं मान न वळवता विचारलं, "वापस जायची गाडी किती वाजताची?" मी हरखलो. पुढच्या खेपेला त्यानं सांगितलं, कानात एक बाई बोलते, "तुह्याकडे कोणी येनार नाही" म्हणते. मग पोळ्याच्या सुमारास मला ट्रेनिंगला मुंबईला धाडलं. दोन गुरुवार बुडाले. निरोप दिला नाही. वाटलं, त्याला वाराची कुठे शुद्ध आहे?

परत गेलो तेव्हा त्याच्या मायनं सांगितलं, दोन्ही गुरुवारी तो फाट्यावर उभा होता, शेवटची एसटी जाईपर्यंत. पुढे मी वर्षभर गेलो. तो माझ्याशी बोलला नाही. ती बाई म्हणत होती कोणी येणार नाही, आणि मी तिचं म्हणणं खरं करून दाखवलं.

ट्रेनिंगला गेलो त्याचं दुःख नाही. त्याला सांगून गेलो नाही, त्याचं आहे.

म्हणून पुण्याला जायचंच असेल तर जा, मी अडवणार नाही. पण दोन महिने आधी त्याला सांग, आणि तुझ्या जागी येणाऱ्या माणसाला त्या ओसरीवर चार मंगळवार सोबत घेऊन बस. तोवर दर मंगळवारी, त्याच गाडीनं, त्याच वेळी. नाल्याला पूर आला आणि रस्ता बंद झाला तर आशाताईला फोन लाव. निरोप मायजवळ ठेवायचा नाही, पेटीजवळ जाऊन त्यालाच सांगायला लाव: ताई आज येत नाही, पुढच्या मंगळवारी येते.

तुझे,
सर