डॉक्टर आला, की डॉक्टर आली?

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेवर मराठीत लेख लिहिणारा एक वाचक तीन ठिकाणी अडला आहे. मालिकेतल्या ‘रिजनरेशन’ला पुनर्जन्म म्हणावं, अवतार म्हणावं की आणखी काही? ती भूमिका बाईकडे आली तेव्हा ‘डॉक्टरीण’ लिहावं का? आणि पुढे कृष्णवर्णीय नट आला, तिथे ‘नायकाचा वंश बदलला’ हे वाक्य चालेल का?

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडी ओळख. बीबीसीवर ती २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. डॉक्टर हा परग्रहावरचा काळप्रवासी. सगळे त्याला नुसतं ‘डॉक्टर’ म्हणतात. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची तब्येत ढासळत चालली, तेव्हा १९६६ मध्ये निर्मात्यांनी मालिका बंद न करता कथेतच तोड काढली. डॉक्टर मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं आणि त्याच आठवणी घेऊन नवा नट उठून उभा राहतो. हार्टनेल यांच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन आले, आणि तेव्हापासून हे चालूच आहे. जुलै २०१७ मध्ये जोडी व्हिटेकर यांचं नाव जाहीर झालं आणि तेरावा क्रमांक एका स्त्रीकडे गेला.

इथे दोन वेगळ्या गोष्टी घडतात आणि त्यांना दोन वेगळे शब्द हवेत. मालिकेबाहेर नट बदलतो, कथेत शरीर बदलतं. पहिल्या गोष्टीसाठी आपल्याकडे ‘खांदेपालट’ हा शब्द तयार आहे. मंत्रिमंडळाच्या बातम्यांनी तो पार झिजवलाय, पण त्यातला खांदा अजून शाबूत आहे. ओझं तेच राहतं, वाहणारे बदलतात. साठ वर्षं एकच भूमिका आळीपाळीने खांद्यावर घेणाऱ्या नटांबद्दल याहून नेमका शब्द मला सुचत नाही.

दुसरी गोष्ट अवघड. ‘पुनर्जन्म’ मी बाद करतो, कारण पुनर्जन्मात माणूस पुन्हा तान्हा होतो आणि मागचं विसरतो. डॉक्टर मोठ्या वयाचाच उठतो आणि थोडा वेळ गोंधळला तरी मागचं कायमचं विसरत नाही. ‘अवतार’ मोहात पाडतो. एकच देव मासा होतो, वराह होतो, मोहिनी होऊन स्त्रीही होतो, आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. पण अवतार घेणारा वरून खाली येतो, मूळ रूप तिकडे तसंच असतं आणि काम संपलं की तो परत जातो. डॉक्टरला परत जायला मागचं रूप उरलेलं नसतं. ‘परकायाप्रवेश’ तर सरळच चुकीचा. आदि शंकराचार्यांच्या गोष्टीत राजा अमरूचं शरीर आधीपासून तिथे पडलेलं होतं. डॉक्टर कोणाच्या शरीरात शिरत नाही. जीवशास्त्रात याच इंग्रजी शब्दाला ‘पुनर्जनन’ म्हणतात, पण पालीची तुटलेली शेपटी पुन्हा शेपटी म्हणूनच उगवते.

मग राहिले ‘कायाकल्प’ आणि ‘कायापालट’. इथे मूळ मालिकेतल्या शब्दांचा इतिहास फार उपयोगी पडतो. १९६६ मध्ये ‘रिजनरेशन’ हा शब्द मालिकेत नव्हता. शरीर बदलल्यावर ट्रॉटन यांचा डॉक्टर म्हणतो की आपलं नूतनीकरण झालंय. म्हातारा जाऊन त्याच्यापेक्षा तरुण माणूस आला होता, म्हणजे च्यवन ऋषींचा झाला तसा कायाकल्पच. ‘रिजनरेशन’ आला १९७४ मध्ये, जॉन पर्टवी यांच्या जागी टॉम बेकर आले तेव्हा. मालिकेच्या जनकांपैकी एक असलेल्या सिडनी न्यूमन यांनी १९८६ मध्ये बीबीसीला पत्र लिहून डॉक्टरला स्त्री करावं असं सुचवलं, तेव्हा त्यांनी तिसरंच क्रियापद वापरलं. सुरवंटाचं फुलपाखरू होतं त्या अर्थाचं, म्हणजे रूपांतराचं. न्यूमन यांनी तो शब्द किती विचारपूर्वक निवडला ते सांगता येणार नाही, पण मला तो बोलका वाटतो. नूतनीकरणात माणूस ताजा होतो, रूपांतरात तो वेगळा होतो. मराठीत मात्र ‘रूपांतर’ म्हटलं की परक्या नाटकाचं रूपांतर आठवतं, म्हणून तो शब्द मी टाळेन.

माझं मत ‘कायापालट’ला. त्यात ताजं होण्याची अट नाही, तरुण होण्याची नाही, पुरुषच राहण्याचीही नाही. काया पालटते, एवढंच तो शब्द सांगतो. शिवाय ‘पालटणे’ हे अस्सल मराठी क्रियापद असल्यामुळे ‘डॉक्टर पालटला’ असंही सहज म्हणता येतं आणि ‘खांदेपालट’शी त्याचं नातंही जुळतं. बाहेर खांदेपालट, आत कायापालट.

आता ‘डॉक्टरीण’. हा शब्द नको, आणि तो नको म्हणताना मी जरा हट्टी आहे. ‘ईण’ प्रत्यय वाघाला लागला की वाघीण होते आणि ती स्वतःच्या बळावर वाघीण असते. माणसाच्या पदाला लागला की बहुतेकदा बायको होते. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. ‘डॉक्टरीणबाई’ स्वतः डॉक्टर असलेल्या बाईंनाही म्हणतात आणि डॉक्टरांच्या पत्नीलाही. जिला काळ ओलांडता येतो तिच्या नावात ही शंका कशाला ठेवायची? मालिकेतच याचा दाखला आहे. डॉक्टरचा जुना वैरी ‘मास्टर’ २०१४ मध्ये स्त्रीरूपात आला. मिशेल गोमेझ यांच्या त्या पात्राने स्वतःला ‘मिसी’ म्हणवून घेतलं, म्हणजे ‘मिस्ट्रेस’चं लघुरूप. तिथे इंग्रजीलाच शब्द बदलावा लागला, कारण ‘मास्टर’मध्ये पुरुष बसलेला आहे. ‘डॉक्टर’मध्ये तो नाही, म्हणून व्हिटेकर यांच्या वेळी नाव जसंच्या तसं राहिलं. मराठीतही तसंच राहू द्यावं: बारावा डॉक्टर, तेरावी डॉक्टर. ‘नायिका’ही मी लिहिणार नाही, कारण ती कानाला नायकाची जोडीदार वाटते. ‘मध्यवर्ती पात्र’ म्हणा. पात्र नपुंसकलिंगी आहे, आणि ‘व्यक्तिरेखा’ तर हार्टनेल यांच्या काळापासून स्त्रीलिंगीच आहे.

पण नाव राखलं म्हणून सुटका होत नाही. खरी परीक्षा क्रियापदात आहे, आणि वाचकाने हा प्रश्न विचारलेला नसला तरी लिहिताना तो त्याला गाठणारच. इंग्रजी ‘मी’ला लिंग नाही, क्रियापदालाही नाही. मराठीत ‘मी पडलो’ म्हटलं की पुरुष आणि ‘मी पडले’ म्हटलं की स्त्री. (कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो’ म्हणतात, पण आपण प्रमाण मराठीत लिहितोय असं धरू.)

व्हिटेकर यांचा पहिला पूर्ण भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. त्यात डॉक्टर नुकतीच आकाशातून एका रेल्वेच्या डब्यात कोसळलेली असते आणि आपलं शरीर काय झालंय ते ती विसरलेली असते. यास्मिन खान ही पोलीस तरुणी तिला मॅडम म्हणते. डॉक्टर विचारते, मॅडम का? कारण तुम्ही बाई आहात, असं उत्तर येतं. मग डॉक्टरला आठवतं, आणि ती म्हणते की अर्ध्या तासापूर्वी आपण पांढऱ्या केसांचा स्कॉटिश माणूस होतो.

हे शेवटचं वाक्य मराठीत तिच्या तोंडी घालून पाहा. ‘मी पांढऱ्या केसांचा स्कॉटिश माणूस होतो’ की ‘होते’? व्याकरण सांगतं की क्रियापद कर्त्याच्या मागे जातं. कर्ता ‘मी’, आणि बोलणारी या क्षणी स्त्री. म्हणून ‘मी पांढऱ्या केसांचा माणूस होते’. कानाला ते खटकतं आणि खटकायलाच हवं, कारण ते वाक्य एका माणसाची दोन शरीरं एकत्र धरतंय. इंग्रजीत हा खटका नाही. मराठी अनुवादकाच्या हाती मूळ संवादाहून जास्त काही लागतं ते अशा जागी. आणि यास्मिनने ‘बाई’ म्हणेपर्यंत डॉक्टरच्या तोंडी पुल्लिंगी रूपंच द्यावीत असं मला वाटतं. ‘मी कुठे पडलो?’ असं जुन्या सवयीने बोलणारी डॉक्टर आणि आठवल्यावर ‘होते’वर येणारी डॉक्टर. आठवण परतली हे त्या एका मात्रेतून कळेल.

एखाद्या प्रसंगात लिंग मुद्दाम झाकून ठेवायचं असेल तर मराठीत त्याचीही सोय आहे, आणि बरीच आहे. बहुतेक सकर्मक क्रियापदांचा भूतकाळ कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतो. ‘मी उडी मारली’, ‘मी दार उघडलं’ हे कोणीही म्हणू शकतं. ‘मला आठवतंय’, ‘मला घाई आहे’ यातूनही काही कळत नाही. भविष्यकाळात ‘मी येईन’. समोरच्याला ‘तू आलास’ किंवा ‘तू आलीस’ म्हणावं लागतं, पण ‘तुम्ही आलात’मध्ये दोघंही मावतात. उघडं पाडतात ती अकर्मक क्रियापदं, ‘विसरणे’सारखी काही सकर्मक आणि वर्तमानकाळ: पडलो, धावले, जातो, विसरते. काळजीने लिहिलं तर अख्खा प्रवेश डॉक्टर पुरुष की स्त्री हे न सांगता उभा करता येईल, आणि मग एकच ‘विसरले’ टाकून पडदा उघडता येईल.

तेरावी डॉक्टर आपल्या मागच्या जन्मांबद्दल (हा शब्द सवयीने आला, मागच्या रूपांबद्दल) बोलते तेव्हाही हाच नियम: बोलणाऱ्याचं आजचं रूप. ‘मी तेव्हा लंडनला गेले होते’, जरी गेला होता तो म्हातारा असला तरी. निवेदक म्हणून लिहिताना मात्र त्या त्या काळाचं रूप घ्या. १९६६ मध्ये डॉक्टर ‘पडला’, २०१८ मध्ये ‘पडली’. एकाच परिच्छेदात दोन्ही आले तरी घाबरू नका, मधे ‘कायापालट’ हा शब्द असला की वाचक चुकत नाही.

तिसरा प्रश्न लवकर सुटतो, पण त्यात एक खाच आहे. ‘वंश बदलला’ लिहू नका. वंश म्हणजे कूळ, आणि कथेत डॉक्टरचं कूळ ‘टाइम लॉर्ड’ या परग्रहावरच्या जमातीचंच राहतं. बदलतो तो वर्ण. ‘वर्ण’ला चातुर्वर्ण्याची सावली आहे हे खरं, पण ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द आता रुळलेला आहे आणि तिथे संभ्रम होत नाही. नटांबद्दल लिहिताना वंश यायला हरकत नाही: वाचक ज्यांच्याबद्दल विचारतोय त्या शूटी गॅटवा यांचा जन्म रवांडातला, ते वाढले स्कॉटलंडमध्ये.

खाच आहे ती ‘पहिला’मध्ये. ‘पहिला कृष्णवर्णीय डॉक्टर म्हणजे गॅटवा’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे आणि तरी अर्धं खोटं आहे. जानेवारी २०२० मध्ये, मुख्य भूमिका व्हिटेकर यांच्याकडे असतानाच, जो मार्टिन डॉक्टरचं आणखी एक रूप म्हणून पडद्यावर आल्या, गॅटवा आले डिसेंबर २०२३ मध्ये. इंग्रजीत असा दावा केला तर तो मार्टिन यांच्यावरून लगेच खोडता येतो. मराठीत ‘पहिला’च्या पुल्लिंगामागे त्या गुपचूप नाहीशा होतात आणि वाक्य खरं ठरतं. हे मला सहन होत नाही. म्हणून लिहा: ‘डॉक्टर झालेली पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती जो मार्टिन, मुख्य भूमिका सांभाळणारी पहिली, शूटी गॅटवा.’ व्यक्ती स्त्रीलिंगी असल्यामुळे ‘पहिली’ दोघांनाही लागतं आणि कोणी झाकलं जात नाही.

राहिला अनेकवचनाचा मुद्दा, कारण लेखात तो येणारच. २०२० च्या त्या भागात व्हिटेकर आणि मार्टिन समोरासमोर येतात, तिथे ‘दोघी डॉक्टर’ आणि ‘त्या भेटल्या’. ऑक्टोबर २०२२ मधल्या व्हिटेकर यांच्या निरोपाच्या भागात पीटर डेव्हिसन, कॉलिन बेकर, सिल्व्हेस्टर मॅकॉय, पॉल मॅकगॅन असे जुने डॉक्टरही दिसतात. स्त्री-पुरुष एकत्र असले की मराठी नपुंसकलिंगी अनेकवचन घेते. नवरा-बायको असोत, बहीण-भाऊ असोत, ‘ती दोघं आली’. तेव्हा हे सगळे एका वाक्यात आणायचे असतील तर नाम मागे ठेवा आणि सर्वनामाला पुढे येऊ द्या: ‘आधीचे डॉक्टर आणि आताची डॉक्टर, ती सगळी एकाच माणसाच्या आठवणीत भेटली.’