पोलिसांच्या कामाबद्दल लोकांचे कोणते गैरसमज असतात? पकडलेला चोर सुटतो तो पैसे देऊनच ना?

प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं रायटर होतो. तपास साहेबांच्या नावावर, लिखाण आमच्या. जबाब, पंचनामे, रिमांड रिपोर्ट, केस डायरी, सगळं कार्बन घालून हाताने.

सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे चोराने कबुली दिली की केस संपली. पोलिसांपुढे दिलेल्या कबुलीला कोर्टात काडीची किंमत नाही. आमच्या वेळी पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं 23 आहे, अर्थ तोच. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू निघाली, तर तेवढ्यापुरतंच ते सांगणं चालतं. आणि ती निघाली हे सांगणार कोण? आम्ही नाही, पंच, म्हणजे पंचनाम्याला हजर असलेले बाहेरचे साक्षीदार. इथूनच सगळं दुखणं सुरू होतं.

आमच्या हद्दीत कॅनॉलच्या रस्त्यावर सकाळी फिरायला गेलेल्या एका बाईंचं मंगळसूत्र ओढलं. दोघे मोटरसायकलवर, दोघांच्या डोक्यात हेल्मेट. पुढे स्थानिक गुन्हे शाखेने एकाला दुसऱ्याच गुन्ह्यात उचललं, त्यात हाही उघड झाला. पोरगा घडाघडा बोलला. काळे मणी काढून कुठल्या ओढ्यात टाकले, सोनं कुठल्या सराफाला दिलं, सगळं. त्याचं निवेदन पंचांसमक्ष लिहून घ्यायचं, मग तो दाखवेल तिथे पंचांना घेऊनच जायचं. कायदा म्हणतो, झडतीला त्या भागातले दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी घ्या. प्रतिष्ठित लोक तर पोलिसांची गाडी दिसली की दार लावून घेतात. एका डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, पेशंट आहेत. एक गृहस्थ ओट्यावर पेपर वाचत होते, ते पेपरसकट आत गेले. शेवटी ठाण्यासमोरचा चहावाला आला आणि सराफाच्याच गल्लीतला एक कापड दुकानदार हो-नाही करत आला.

सराफाने गल्ल्यामागच्या कपाटातून सोन्याची लगड काढून दिली. मंगळसूत्र कधीच आटवून झालं होतं. त्याच्याच काट्यावर वजन करून लगड कागदात गुंडाळली, दोरा बांधला, मेणबत्तीवर लाख धरून सील ठोकलं, वर पंचांच्या सह्यांचं लेबल लावलं. मी फरशीवर मांडी घालून लिहीत होतो, ‘आम्ही खाली सह्या करणार पंच, पोलिसांनी बोलावल्यावरून समक्ष हजर राहून पंचनामा लिहून देतो की...’ लिहून झाल्यावर दोघांना वाचून दाखवलं, मगच सह्या घेतल्या.

केस बोर्डावर यायला वर्षं गेली. चहावाला पिंजऱ्यात उभा राहिला. बचावाच्या वकिलांनी एवढंच विचारलं, ठाण्यात रोज चहा कोण देतं? तो म्हणाला, मीच. तिथेच त्याची साक्ष पातळ झाली. कापडवाला म्हणाला, सही माझी आहे, मजकूर माहीत नाही, दुकानात बसलो होतो तेव्हा पोलिसांनी सही मागितली. झाला फितूर. का झाला? सराफाचं आणि त्याचं दुकान भिंतीला भिंत लावून. आम्ही गेलो की रोजचं तोंड सराफाचं बघायचं होतं त्याला. ओळख परेडचा प्रश्नच नव्हता, हेल्मेटमधला चेहरा ती बाई कसा ओळखणार? लगड तिच्याच मंगळसूत्राची हेही सिद्ध होईना. संशयाचा फायदा मिळून आरोपी निर्दोष सुटला आणि लगड ज्याच्याकडून जप्त केली त्या सराफाला परत गेली. ती बाई ठाण्यात येऊन मला म्हणाली, “माझं सोनं पुन्हा त्याच्याच कपाटात?” मी तिला काय सांगणार?

हे प्रकरण आमच्या साडूंना चांगलं माहीत आहे. निवृत्त मुख्याध्यापक आहेत. तरी दर दिवाळीला जेवताना तेच, “काय पाहुणं, सुटला की तुमचा चोर. किती घेतले?” याच साडूंच्या शेजारी घरफोडी झाली तेव्हा तिथले पोलीस पंचासाठी त्यांच्या दारात गेले होते. साडू म्हणाले, मला बीपी आहे. लेखी बोलावूनही सबळ कारणाशिवाय झडतीला पंच म्हणून यायला नकार दिला तर तो गुन्हा होतो, हे मुख्याध्यापकांना माहीत नसेल असं मी समजत नाही.

म्हणून सांगतो, बोलावलं तर जा. मजकूर स्वतः वाचा, चुकीचं असेल ते दुरुस्त करायला लावा, कोऱ्या कागदावर सही मागितली तर सरळ नाही म्हणा. आणि कोर्टात पाहिलं तेवढंच सांगा. हे करायचं नसेल तर चोर सुटल्यावर आमच्या खिशाकडे बघू नका.

पैसे खाणारे नाहीत असं मी म्हणत नाही. होते, आहेत, मी त्यांच्याबरोबर ड्युटी केलीय. प्रत्येक केसला तेच ठरलेले पंच आणणारे, घरी बसून पंचनामा लिहिणारेही पाहिलेत. त्यांच्यामुळेच कापडवाल्यासारख्याचं खोटं कोर्टात खपतं. 1 जुलै 2024 पासून नव्या कायद्याने झडती-जप्तीचं व्हिडिओ चित्रण सक्तीचं झालंय, त्याने दोन्ही बाजूंच्या लबाडीला थोडा लगाम बसेल.

बाकीचे गैरसमज पटकन सांगतो. माणूस हरवला तर चोवीस तास थांबावं लागतं असा कुठलाही नियम नाही, लगेच जा. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर थेट अपहरणाचा गुन्हा दाखल होतो. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ म्हणून परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवा म्हणून सांगा. गुन्हा दाखल झाला म्हणजे अटक झालीच पाहिजे असंही नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का हवी ते लेखी दाखवावं लागतं, सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली ते ठणकावून सांगितलंय. नाहीतर हजर राहण्याची नोटीस द्यायची. लोक त्यालाच ‘सोडून दिला’ म्हणतात.

एन्काउंटर आणि सायबरबद्दल मात्र मी लिहीत नाही. त्या शाखांत मी कधी नव्हतो, तिथल्या कोणी लिहावं.